विदोसावाला समुद्रापर्यंत न्यायचं

कोसारा आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती. खोटं बोलायची वेळ आली की ती गप्प बसायची, आणि गप्प बसणं हे काही पाप नव्हे अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण त्या वसंतात नोवी साद शहरातल्या सहल कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, चौघीही ठणठणीत आहात ना, बोटीवर कुणाला धरून चालवावं लागणार नाही ना, तेव्हा कोसाराच्या तोंडून निघून गेलं, "अहो, घोड्यासारख्या आहोत चौघी." फोन ठेवला आणि तिने स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या संत निकोलसच्या तसबिरीकडे पाठ फिरवली. नावाड्यांचा संत तो. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

चौघींतली एक ठणठणीत नव्हती. विदोसावाची आठवण चालली होती.

हे चौघींत एकट्या कोसाराला ठाऊक होतं. थंडीत एका सकाळी विदोसावा तिच्याकडे कॉफीला आली, भविष्य बघायला पालथा केलेला पेला उचलून उगाच आत बघत बसली आणि सांगून मोकळी झाली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले होते. औषध होतं, पण औषधाने काही थांबणार नव्हतं, थोडं हळू झालं तर झालं. कोसाराचे डोळे भरून आले तशी विदा म्हणाली, रडायचं असेल तर मी निघते, मला काम आहे तुझ्याकडे. काम असं होतं, की उन्हाळ्यात डॅन्यूबवरून बोटीने पार समुद्राला मिळते तिथपर्यंत जायचं, चौघींनी मिळून. आणि परत येईपर्यंत ल्युबिंकाला आणि स्तामेनाला यातलं अक्षर कळता कामा नये.

"आल्यावर गावभर दवंडी पिट," विदा म्हणाली. "पण एकदा मला जशी आहे तशी फिरू दे तुमच्यात. त्या दोघींना कळलं की मी आजारी बाई होईन. मग कुणी माझ्याशी भांडणारसुद्धा नाही."

कोसाराने शब्द दिला. आणि मनाच्या अगदी तळाशी तिला आनंदही झाला, तो तिने त्या दिवशी कबूल केला नाही.

याचं कारण जुनं होतं. कोसारा डोंगराकडची मुलगी, लग्न होऊन पलांका गावी आली तेव्हा सपाट मुलखातल्या या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. पहिल्याच वर्षी घरच्या संताच्या दिवसाला तिचा पवित्र पाव भट्टीत मधोमध फाटला. पाहुणे दारात, पाद्रीबाबा पाव कापायला येणार, आणि ही न्हाणीघरात तोंडात ॲप्रनचं टोक कोंबून रडत बसलेली. तेव्हा शेजारची विदोसावा मागच्या दाराने आली, स्वतःच्या घरचा पाव टेबलावर ठेवला, फाटलेला ॲप्रनखाली घालून घेऊन गेली आणि जन्मात पुन्हा त्याचा उल्लेख केला नाही. तेव्हापासून कोसारा विदाच्या शब्दाबाहेर नव्हती. पण विदाची पहिली मैत्रीण ती कधीच नव्हती. पहिली ल्युबिंका. ल्युबिंका नुसती मैत्रीण नव्हे, विदाची कूमा. विदाचा मुलगा ओग्न्येन याला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने हातावर धरलं होतं. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वर. सख्ख्या बहिणीशी अबोला धरता येतो, कूमाशी धरता येत नाही. तेव्हा जी गोष्ट विदाने कूमाला न सांगता आपल्याला सांगितली, ती कोसाराने मौल्यवान चीज गाठीला बांधावी तशी बांधून घेतली.

विदोसावा म्हणजे कोण, ते पलांकात कुणालाही विचारा. चर्चच्या दारातलं मेणबत्त्यांचं टेबल तिचं. नवरा गावरा मालवाहू बोटींवर, रेगेन्सबुर्गपासून गालात्सपर्यंत महिनोन् महिने पाण्यावर. हिने एकटीने पोर वाढवलं, सासू सांभाळली आणि दर रविवारी ते टेबल. समोर वाळूची दोन ताटं, एक वर, एक खाली. वरच्यात जिवंतांसाठी मेणबत्ती लावायची, खालच्यात गेलेल्यांसाठी. नवखं कुणी चुकलं तर विदाचा आवाज कमानीपर्यंत जायचा. एकदा एका नव्या नवरीने गडबडीत नवऱ्याची मेणबत्ती खाली खोचली, तर विदा म्हणाली, "काय गं, लग्नाचे फोटो तरी येऊ देत की धुऊन." सगळं चर्च हसलं, पाद्रीबाबांनी धूपदानीआड तोंड लपवलं. गावरा दर वेळी निघताना म्हणायचा, पुढल्या खेपेला तुला नेतो, समुद्रापर्यंत. तिथे म्हणे नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांच्यात रेघ असते, डोळ्याला दिसते. पुढली खेप आली नाही. गावरा निवृत्त झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात अंगणात लाकडं फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही.

तेव्हा जायचं कुठे आणि कशाला, हे चौघींना माहीत होतं. आत्ताच का, हे दोघींना नव्हतं.

बोटीवर चढल्यापासून कोसाराने डोळ्यांत तेल घातलं. खोली विदाची आणि तिची एकत्र, हे तिने आधीच ठरवून घेतलं होतं. सकाळी विदाच्या आधी उठायचं, कपडे काढून क्रमाने ठेवायचे, गोळी पाण्याबरोबर हातात द्यायची. जेवायच्या टेबलावर विदाने मिठाची पुडी कॉफीत रिकामी केली तेव्हा कोसाराने आपल्याही कॉफीत मीठ घातलं आणि म्हणाली की डॉक्टरांनी सांगितलंय, रक्तदाबाला बरं. स्तामेनाने ते खरं मानून स्वतःही घालून पाहिलं. स्तामेना म्हणजे चर्चची आचारीण, अंगाने भरलेली, मनाने निर्मळ, साखरेचा आजार असून बोटीवरचा एकही केक तिने नाराज केला नव्हता. तिला फसवणं सोपं आणि म्हणूनच जास्त लागणारं होतं.

ल्युबिंकाचं तसं नव्हतं. तिने जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढला होता. माणूस खिडकीशी आला की बातमी बरी की वाईट हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. दुसऱ्याच दिवशी तिने विदाला हाक मारली, वर येतेस का, गोलुबाट्सचा किल्ला दिसायला लागलाय, तर विदाच्या आधी कोसारा म्हणाली, येतो, पण आधी ती कोट घालेल.

"तिला जीभ आहे की तू काढून घेतलीस?" ल्युबिंका म्हणाली.

वर डेकवर मात्र त्या दिवशी विदा अशी काही रंगली, की कोसाराच्या जिवावरचं ओझं उतरलं. जेर्दापच्या घळीत दोन्हीकडचे कडे जवळ आले, पाणी काळं झालं, आणि विदा बोलायला लागली. धरण व्हायच्या आधी इथे भोवरे कसे होते, बोटींना काठावरच्या इंजिनाने दोर लावून कसं ओढत, कुठलं बेट पाण्याखाली गेलं आणि त्यावरच्या तुर्की कॉफीवाल्याचं नाव काय. सगळं गावराकडून ऐकलेलं, पण सांगणं असं की हीच सुकाणूवर होती. धरणाच्या दरवाजात पाणी सोडलं तशी बोट खाली उतरायला लागली, दोन्हीकडच्या ओल्या भिंती वर वर गेल्या, तेव्हा आजूबाजूचे प्रवासीसुद्धा तिच्याभोवती जमले. एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, बाई, तुम्ही कॅप्टन होता की काय? विदा म्हणाली, "कॅप्टनची कॅप्टन."

ल्युबिंकाने कोसाराच्या कानाशी येऊन म्हटलं, की हिचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. मग तू कोंबडीसारखी तिच्यावर बसून का आहेस? कोसाराने हसण्यावारी नेलं. ल्युबिंका हसली नाही. तिने स्तामेनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की काही माणसांना म्हातारपणी मैत्रिणीची मालकीण व्हायची हौस येते.

त्यानंतर टेबलावर चौघी असायच्या, पण गप्पा दोन दोन जणींच्या चालायच्या. विदाला ते कळायचं. कळलं की ती बावरायची, आणि बावरली की चुकायची. एकदा ती स्वतःच्या खोलीचं दार सोडून तिसऱ्याच कुणाच्या दाराची मूठ फिरवत उभी होती. आतून एक ऑस्ट्रियन माणूस बाहेर आला आणि विदाने त्यालाच दटावलं, की तुम्ही माझ्या घरात काय करताय. बोटीवरची मार्गदर्शक मुलगी, तियाना, तिथून चालली होती. कोसारा धावली, म्हणाली चष्मा विसरलाय हिचा. तियाना गोड मुलगी, पण काम म्हणजे काम. तिने पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं, की ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही त्याला पुढच्या बंदरावर उतरवून घरी पाठवावं लागतं, बोटीवर डॉक्टर नाही. त्या रात्रीच्या प्रार्थनेत कोसाराला 'आमच्या पित्या'च्या पुढे जाता येईना. खोट्याची माफी मागायची तर आधी खोटं थांबवावं लागतं. पाद्रीबाबांपुढे कबुली दिली नव्हती म्हणून वसंतापासून तिने पवित्र प्रसादही घेतला नव्हता. ती नुसती क्रूसाची खूण करत राहिली आणि शेजारच्या पलंगावर विदाचा श्वास मोजत पडली.

बोट बल्गेरियात रुसेला लागली तो शनिवार होता, पवित्र आत्म्याच्या सणाच्या आदल्या दिवसाचा. आमच्याकडे हा गेलेल्यांचा दिवस. पलांकात असत्या तर चौघीही सकाळपासून कबरस्तानात असत्या, स्तामेनाने पहाटेच गहू उकडून अक्रोड-साखर घालून तयार ठेवले असते. पाण्यावर आहोत म्हणून आपली माणसं तशीच राहायची का, असा प्रश्न स्तामेनानेच काढला. मग बाकीचे प्रवासी बसने शहर बघायला गेले आणि या चौघी धक्क्यावरून चालत, विचारत विचारत, एका लहानशा चर्चपाशी पोहोचल्या.

आत शिरताच चौघींचे खांदे सैलावले. तीच धुपाची दाटी, तशाच काळवंडलेल्या तसबिरी, भाषा जराशी वाकडी पण प्रार्थना तीच. बायकांनी उकडलेले गहू वाट्यांतून आणले होते आणि बल्गेरियातल्या रीतीप्रमाणे चेरीच्या फळांच्या टोपल्या. पाद्री नावं वाचत होता, गेलेल्यांची, एकामागून एक. वाचून वाचून त्याला सूर लागला होता.

विदाने मूठभर मेणबत्त्या घेतल्या. कोसारा मागेच होती. इथे तिला धाकधूक नव्हती, हे तर विदाचं राज्य. विदाने वाकून खालच्या वाळूत आईची लावली, बापाची लावली, सासूची लावली, सासूची जराशी वाकडी राहिली ती सरळ केली. मग ती उभी राहिली, शेवटची मेणबत्ती दुसरीवर पेटवून घेतली आणि वरच्या ताटात, जिवंतांत, मधोमध खोचली.

"ओग्न्येनची का?" ल्युबिंकाने कुजबुजत विचारलं.

"गावराची," विदा म्हणाली.

ल्युबिंकाला वाटलं हातचूक झाली. ती हलकेच म्हणाली, अगं, मग खाली. विदाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने जन्मभर चुकणाऱ्या नवख्यांकडे पाहिलं होतं.

"खाली? तुझ्या तोंडाला काही धरबंध? माणूस गालात्सला माल उतरवतोय आणि तू त्याला खाली घालतेस?"

मागे नावं वाचली जात होती. स्तामेनाने तोंडावर हात धरला. कोसारा पुढे झाली आणि म्हणाली, दमली आहे ती, झोप नाही झाली, विदे, चल बाहेर. पण ती हे फार चटकन बोलली, फार सरावाने. ल्युबिंका विदाकडे बघत नव्हती आता. ती कोसाराकडे बघत होती.

विदा एकेकीचा चेहरा बघत गेली. खिडकी नसलेल्या खोलीत माणूस भिंत चाचपतो तशी. मग तिला सापडलं असावं. तिचा चेहरा इतका हळू पडला, की कोसाराला वाटलं डोळे मिटून घ्यावेत. विदाने वरची मेणबत्ती उपटली, खाली वाकली, आणि ज्योत वाळूत टेकून विझली. तिने ती पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला, पेटेना. शेवटी ल्युबिंकाने तिच्या हातातून घेतली, पेटवली आणि खालच्या ताटात, सासूच्या शेजारी लावली. गावरा दुसऱ्यांदा मेला होता, आणि या वेळी विदाच्या हातून.

चर्चच्या अंगणात लिंडनच्या झाडाखाली बाक होतं. स्तामेनाने विदाला तिथे बसवलं. ल्युबिंकाने कोसाराला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

कोसाराने सांगितलं. थंडीपासून. ल्युबिंकाने मान हलवली, जणू खिडकीतून पाकीट आत घेतलं. मग ती बोलली ते सगळं हळू आवाजात, म्हणून जास्त बोचणारं. म्हणाली, मी तिची कूमा. ओग्न्येनला पहिला ताप आला तेव्हा रात्र मी काढली. गावराला अंघोळ घालून शेवटचे कपडे मी चढवले, कारण हिचे हात चालेनात. आणि हे मला तू सांगायचं नाहीस? तू कोण? आजारी बाईला नदीवर घेऊन आलीस, पाण्यात पाय घसरला असता तर तू ओग्न्येनला तोंड दाखवणार होतीस की मी? आत्ताच्या आत्ता तियानाला सांगते, आत्ताच ओग्न्येनला फोन लावते, इथून गाडी करायची आणि घरी न्यायची तिला. कोसारा म्हणाली, ओग्न्येनला माहीत आहे, त्याने तोंड वाकडं करून का होईना पाठवली. तिला समुद्र बघायचाय, ल्युबा. शेवटचं मागितलंय तिने. ल्युबिंका म्हणाली, तिला काय बघायचंय ते तिला संध्याकाळी तरी आठवणार आहे का?

"माझ्याबद्दल बोलताय ना?" बाकावरून विदाचा आवाज आला. तोच, कमानीपर्यंत जाणारा. "मग माझ्याकडे तोंड करून बोला. बहिरी नाही झाले अजून."

दोघी तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, शाळेत राहतात तशा. विदाने मांडीवर रुमाल पसरून तो नीट केला. म्हणाली, कोसाराला शिव्या देऊ नकोस. मी तोंड बंद ठेवायला सांगितलं, तिने ठेवलं.

"तिला सांगितलंस," ल्युबिंका म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला का नाही?"

विदाने रुमालाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. कोसाराला वाटलं, ती पुन्हा हरवली. पण ती शोधत होती.

"कारण तुझ्यासमोर मला कमी व्हायचं नव्हतं, कूमा. कोसारासमोर चालतं. ती वाईट नाही मानत, पदरात घेते आणि गप्प बसते. तू माझा आरसा आहेस. तू बघितलंस की खरं झालं."

हे ऐकलं आणि कोसाराने गाठीला बांधलेलं ते जे काही होतं ते सुटून गेलं. तिला वाटत आलं होतं, की विदाने सगळ्यांत विश्वासाचं माणूस निवडलं. तिने निवडलं होतं ते ज्याच्यापुढे पडल्याने फारसं लागत नाही ते माणूस. विदा हे वाईट मनाने बोलली नव्हती, कोसारा तिथेच उभी आहे हेही कदाचित तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कोसारा स्तामेनाशेजारी जाऊन बसली. स्तामेनाने तिचा हात हातात घेतला आणि काहीच विचारलं नाही, यासाठी कोसारा तिची जन्मभर ऋणी राहणार होती.

"घरी पाठवायचं तर पाठव," विदा ल्युबिंकाला म्हणाली. "तुझा हक्क आहे, मी नाही म्हणणार नाही. पण घरी जाऊन मी काय करू? खुर्चीत बसून रोज बघायचं, आज काय गेलं? तेच करायचं तर मी समुद्राकडे जाता जाता करते."

चर्चमधून एक म्हातारी टोपली घेऊन बाहेर आली, चौघींच्या हातात तिने चेऱ्या घातल्या आणि बल्गेरियन भाषेत म्हणाली, देव गेलेल्यांना क्षमा करो. नकार देता येत नाही अशा वेळी. ल्युबिंका चेऱ्या हातात धरून उभी होती. मग तिने एक खाल्ली, बी हातात थुंकली, दुसरी खाल्ली. सगळ्या संपेपर्यंत ती खात राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

बोटीच्या फळीवर तियाना उभी होती. त्या ऑस्ट्रियन माणसाने तक्रार केली असणार, तिने चेहरा गंभीर करून विचारलं, की त्या मावशींची तब्येत बरी आहे ना, मला पुढच्या बंदराला कळवावं लागेल.

कोसाराने तोंड उघडलं. पण तिचं खोटं संपलं होतं, एकही शिल्लक नव्हतं.

"ती माझी कूमा आहे," ल्युबिंका म्हणाली. "तिच्याबद्दल जे विचारायचं ते मला विचार. ती आजारी आहे. ती एक पाऊलही एकटी टाकणार नाही, कारण मी तिच्या खोलीत राहायला चाललेय. अजून काही?"

तियानाने एकदा विदाकडे पाहिलं. विदा तिला म्हणाली, की मुली, केस वर बांध, मान मोकळी छान दिसेल. तियानाचा हात नकळत केसांकडे गेला. ती म्हणाली, मग एकटं सोडू नका त्यांना. ल्युबिंका म्हणाली, कोण सोडतंय.

संध्याकाळच्या आत ल्युबिंकाची बॅग विदाच्या खोलीत गेली आणि कोसाराची स्तामेनाच्या. गोळ्या कधी द्यायच्या, कपडे कुठल्या क्रमाने ठेवायचे, कुठल्या वेळी ती जास्त बावरते, हे सगळं कोसाराने ल्युबिंकाला दाराशी उभं राहून सांगितलं. ल्युबिंकाने ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाली नाही. दार लावता लावता एवढंच म्हणाली, की मीठ घातलेली कॉफी प्यायलीस तू तिच्यासाठी. हे ती कुठल्या अर्थाने म्हणाली ते कोसाराला कळलं नाही.

पुढचे दिवस नदी रुंद होत गेली आणि विदा अरुंद. रोजच्या सवयीचं काही आसपास नव्हतं, त्याचा त्रास तिला दिवसेंदिवस जास्त होऊ लागला. ल्युबिंकाला ती ओळखायची, हाक मारायची, तिच्यावर ओरडायची. स्तामेनाला 'आपली स्वयंपाकीण' म्हणायची. कोसाराने एकदा तिच्या खांद्यावर शाल टाकली, तेव्हा ती अंग चोरून ल्युबिंकाकडे सरकली. कोसाराने शाल खुर्चीच्या पाठीवर ठेवली. आपण हिला आणून बरं केलं की वाईट, हा प्रश्न तिने देवापुढे रोज ठेवला. देवाने उत्तर दिलं नाही आणि तिनेही तगादा लावला नाही, ती फक्त पुन्हा ठेवत राहिली. प्रार्थना मात्र आता अडत नव्हती.

तुल्चा बंदरावर मोठी बोट थांबली. तिथून लहान बोटीने दलदलीतून, वेळूच्या बेटांतून, सुलिना गावाच्या पुढे, जिथे दगडी बांध संपतो तिथपर्यंत नेतात. वारा होता. बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि हात पुढे करून दाखवलं, की हाच समुद्र.

चौघी कठड्याला उभ्या राहिल्या. पाणी पिवळट तपकिरी होतं, मग हळूहळू राखी, मग बरंच पुढे हिरवट. कुठे काय संपतं ते काही दिसत नव्हतं. विदा खूप वेळ बघत राहिली. ल्युबिंका तिच्याकडे बघत राहिली.

"रेघ नाही," विदा म्हणाली.

"नाही गं," ल्युबिंका म्हणाली.

"गावरा खोटारडा." तिने हे असं म्हटलं, की त्यात रागही नव्हता आणि दुःखही. गावरा जिवंत आहे की गेलाय, हेही त्या आवाजावरून सांगता आलं नसतं. मग तिला हसू यायला लागलं, ती मनापासून हसली, स्तामेनाही तिच्यामागून हसायला लागली, बोट हलायला लागली.

हसता हसता विदाला काही सुचलं. तिने ल्युबिंकाच्या पर्समधून फोन काढला आणि इकडेतिकडे बघून कोसाराच्या पुढे धरला.

"बाई, जरा आमचा फोटो काढाल का? आम्ही मैत्रिणी आहोत, लांबून आलोय."

स्तामेनाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. ल्युबिंकाने बोलायला तोंड उघडलं, पण कोसाराने मानेनेच नको म्हटलं. तिने फोन घेतला. तिला ते यंत्र नीट येत नव्हतं, तरी तिने तिघींना चौकटीत घेतलं, मधे विदा, वाऱ्याने केस उडालेले, दोन्ही बाजूंना दोघी. तिने बटण दाबलं, मग खात्रीसाठी पुन्हा दाबलं.

"आला का?" विदाने विचारलं.

"आला. छान आलाय," कोसारा म्हणाली.

ल्युबिंका पुढे आली, तिने कोसाराच्या हातातून फोन घेतला आणि बोटवाल्याकडे दिला. मग विदाला म्हणाली, या बाई एकट्याच आहेत, त्यांनाही घेऊ या का आपल्यात?

विदाने कोसाराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चर्चच्या दारात नवी बाई आली की ती असंच बघायची, कडक आणि मग एकदम मोकळी. तिने बाजूला सरकून कठड्याशी जागा केली.

"या ना, लाजताय काय. कुठल्या तुम्ही?"

"डोंगराकडची," कोसारा म्हणाली.

"तरीच पाण्याला घाबरताय." विदाने तिचा दंड आपल्या दंडात घट्ट अडकवून घेतला. "धरून राहा मला. इथे हलतं."

कोसारा धरून राहिली.